तळ्याकाठी बस थांबली की

सहलीच्या पत्रकात त्या दिवसापुढे एकच ओळ छापलेली असते: ल्युसर्न, ब्रूनिग घाट, ब्रीएन्झ, इंटरलाकेन, थून, परत ल्युसर्न. वाचायला अगदी सोपी. त्या ओळीत पाच तळी, एक घाट, कितीतरी बोगदे आणि बसच्या उंच पायऱ्यांवरून दिवसभराची चढउतार आहे, हे काही कुणी छापत नाही. तुझ्या सासूबाईंचे गुडघे आणि सासऱ्यांची लघवीची गोळी याही गोष्टी पत्रकवाल्यांना ठाऊक नसतात. मे अखेरीला तुम्ही चौघं निघताय, म्हणून आत्ताच हे लिहून पाठवते आहे. यातलं निम्मं मला आमच्या वन्संकडून मिळालेलं. त्या माझ्या कितीतरी आधीपासून अशा बसच्या सहली करत आलेल्या, आणि पिंड शिक्षिकेचा, त्यामुळे सांगणं कमी नि बजावणं जास्त. उरलेलं मी स्वतः फिरताना बघून ठेवलेलं.

बाकी सगळं विसरलीस तरी एक लक्षात ठेव. पाचही तळी उरकायच्या मागे लागायचं नाही. एक निवडायचं, त्याच्या काठी निवांत बसायचं आणि बाकीची खिडकीतून बघायची. बसच्या सहलीत एका थांब्याला वीस मिनिटं, फार तर अर्धा तास मिळतो. उतरणं, बाथरूमची रांग, सगळ्यांचा मिळून फोटो आणि पुन्हा डोकी मोजणं त्यातून वजा केलं की तळ्यासाठी पाच मिनिटं उरतात. असल्या पाच-पाच मिनिटांनी कुणाचं समाधान झालेलं मी पाहिलेलं नाही. इंटरलाकेनला किंवा ब्रीएन्झला जो मोठा थांबा असेल तो पाण्यासाठी राखून ठेव. मला विचारशील तर ब्रीएन्झचं तळं निवड.

त्या पाण्याचा रंग फोटोत बघून वाटतं, कुणीतरी मोबाइलवर वाढवलाय. तसं नाही. वरच्या हिमनद्या सरकताना खडक घासत येतात आणि त्या खडकाची अतिशय बारीक भुकटी होते. आरे आणि ल्यूचिने या नद्या ती भुकटी तळ्यात आणून सोडतात. ती लवकर तळाला बसत नाही, तांदळाच्या धुवणासारखी पाण्यात तरंगत राहते, आणि तिच्यावर पडून उजेड विखुरला की पाणी हिरवट निळं दिसतं. बर्फ जितकं जास्त वितळेल तितकी भुकटी जास्त, म्हणून मे सरता सरता हा रंग चढू लागतो आणि भर उन्हाळ्यात दाट होतो. तळं आहेही चांगलं २६० मीटर खोल. ब्रीएन्झमधून निघालेली आरे इंटरलाकेनमधून वाहत थूनच्या तळ्यात जाते. पण बराचसा गाळ तोवर ब्रीएन्झमध्येच राहिलेला असतो, त्यामुळे थूनचं पाणी गडद निळं. एकाच नदीवरची शेजारशेजारची दोन तळी आणि दोन वेगळे रंग! त्या दिवसात बघण्यासारखं हेच आहे, आणि नेमकं हेच फारसं कुणी सांगत नाही. घड्याळांच्या दुकानात सवलत कुठे मिळेल ते मात्र बस सुरू व्हायच्या आत सांगून झालेलं असतं.

आता तयारी. हातातली पिशवी आदल्या रात्रीच भर. त्या दिवशी मुक्काम हलणार असेल तर मोठ्या बॅगा डिकीत जातात, आणि एकदा गेल्या की संध्याकाळपर्यंत त्या तुझ्या नाहीत. एकेका माणसाच्या स्वेटरसाठी चालक डिकी उघडत बसत नाही. औषधं हातातच हवीत, त्या दिवसाची आणि वर आणखी एका दिवसाची. सासऱ्यांची लघवीची गोळी सकाळी न घेता मुक्कामी पोचल्यावर घेतली तर चालेल का, हे इथेच डॉक्टरांना विचारून ठेव. स्वतःच्या मनाने वेळ बदलायची नाही. आणि बाथरूमला जावं लागू नये म्हणून पाणीच प्यायचं नाही, हा उद्योग दोघांनाही करू देऊ नकोस. मोठ्या माणसांना तेवढ्याने गरगरतं, आणि मग सगळा दिवस त्यातच जातो.

कपड्यांचा मात्र बाऊ नको. स्वित्झर्लंड म्हटलं की आपली माणसं कानटोपी, मफलर, हातमोजे असा सगळा सरंजाम चढवून बसतात. यूंगफ्राउयोखला जाल त्या दिवशी तो लागेल, ते ठिकाण ३,४५४ मीटर उंचीवर आहे. ही तळी कुठे आहेत? ब्रीएन्झ ५६४ मीटरवर, थून ५५८, ल्युसर्न त्याहून खाली. ब्रूनिगचा घाटमाथा १,००८ मीटर, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षा बुटका. हजार मीटर चढलं की हवा साधारण सहा अंशांनी गार होते, एवढा हिशेब पुरे. एक स्वेटर आणि वर वारा-पाऊस अडवणारं विंडचीटर, झालं. छत्रीचा काठावरच्या वाऱ्यापुढे टिकाव लागत नाही. पायात पकड असलेले बूट घाल, चपला नकोत.

खाऊ ठेवायचाच. खाकरा, चिवडा, चिक्की, आल्याच्या वड्या, आवळासुपारी. पण पेढे, तूप, खवा असलं दुधाचं काही भारतातून नेऊ नकोस, मांसमच्छीही नको. तिथल्या कायद्याने ते आत आणता येत नाही, आणि विमानतळावर पेढे कचऱ्यात टाकताना जीव तुटतो. बसमध्ये खायला बहुतेक ठिकाणी मनाई असते, तेव्हा खाऊ उतरल्यावर. सासूबाई कडक शाकाहारी आहेत, त्यांना सांगून ठेव की तिथलं पारंपरिक चीज, ग्रुयेरसारखं, वासराच्या पोटातल्या रेनेटने विरजलेलं असतं. पुढे त्यांचं त्या ठरवतील. पण खाऊन झाल्यावर कळायला नको.

बसमधल्या जागेवरून सहलीत जेवढी भांडणं होतात तेवढी जेवणावरूनही होत नाहीत. आपल्याकडच्या बऱ्याच कंपन्या रोज जागा बदलतात, आज पुढे तो उद्या मागे. म्हणजे एसटीत खिडकीतून रुमाल टाकायचं आपलं कसब तिथे कामाचं नाही. सासूबाईंना गाडी लागते ना? मग टूर मॅनेजरला आदल्या रात्री, जेवणाच्या वेळी, बाजूला घेऊन सांग की उद्या घाट आहे, दोघींना पुढची जागा मिळाली तर बरं. रात्री गोड शब्दांत विचारलं की माणसं अदलाबदल करतात, सकाळी चाळीस जणांसमोर मागितलं की हटून बसतात. गाडी लागू नये म्हणून घ्यायची गोळी निघण्याआधी अर्धा-पाऊण तास घ्यायची. मळमळायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही. ती झोप आणते आणि बाकीच्या औषधांबरोबर सगळ्यांना चालतेच असं नाही, तेव्हा हेही डॉक्टरांच्या कानावर घाल. घाटात मोबाइल बंद आणि नजर समोर लांब रस्त्यावर. वन्सं तर वळणं सुरू झाली की शेजारणीच्या हातातलं पुस्तकसुद्धा काढून घ्यायच्या.

कोणत्या बाजूला बसू, हे हमखास विचारशील. ल्युसर्नहून इंटरलाकेनकडे जाताना बस ब्रीएन्झच्या दक्षिण काठाच्या महामार्गाने गेली तर पाणी उजव्या हाताला, उत्तर काठाच्या जुन्या रस्त्याने गेली तर डाव्या. महामार्गावर बोगदे आहेत, गीसबाखजवळचा तर तीन किलोमीटरहून लांब. बोगद्यात कसलं तळं नि कसलं काय! उत्तरेचा रस्ता ओबररीड, निडररीड, रिंगेनबेर्ग अशा गावांतून सावकाश जातो आणि पाणी सारखं दिसत राहतं. वाटेतल्या लुंगर्न गावालाही हीच तऱ्हा. गावाला बगल देणारा साडेतीन किलोमीटरचा बोगदा २०१२ मध्ये झाला. त्यातून गेलात की वाचतात थोडी मिनिटं आणि हुकतो जुन्या रस्त्याच्या वळणावरून दिसणारा देखावा: खाली तळं, काठावर गाव, टेकाडावर चर्च. बस कोणत्या रस्त्याने न्यायची हे चालक आणि टूर मॅनेजर ठरवतात, आणि सकाळी निघायच्या आधी कुणी आवर्जून विचारलं तर पुष्कळदा ऐकतात.

लुंगर्नचं तळं दिसलंच तर सासऱ्यांना सांग, इंजिनिअर माणूस आहे, खूश होईल. गावकऱ्यांना शेतीसाठी जमीन हवी होती म्हणून त्यांनी डोंगरातून भुयार खणलं आणि १८३६ मध्ये या तळ्याचं पाणी खाली सोडून दिलं. पुढे विसाव्या शतकात वीज करायची म्हणून तेच पाणी पुन्हा चढवलं. त्यामुळे हिवाळा संपताना पातळी उतरलेली असते आणि काठ उघडे दिसतात. मे अखेरीला तसे दिसले तर खट्टू व्हायचं नाही.

बस थांबली की काय करायचं ते आता नीट वाच. चाळीस माणसं एकदम उतरतात आणि एकदम एकाच बाथरूमकडे धावतात. बसमध्ये टॉयलेट असलं तरी ते बहुतेक कुलूपबंद असतं, नाहीतर अगदी अडीनडीलाच उघडतात. म्हणून चौघांनी वाटण्या करायच्या. सासू-सासरे आणि तू आधी रांगेत. जावईबापूंनी सरळ पाण्याच्या काठी जाऊन चांगला बाक धरायचा. दहा मिनिटांनी गर्दी ओसरली की ते बाथरूमला आणि तुम्ही बाकावर. सुट्टी नाणी प्रत्येकाच्या खिशात वेगवेगळी असू देत. कुठे बाथरूम फुकट, कुठे एक-दोन फ्रँक पडतात, आणि दारावरचं यंत्र सुनेच्या पर्सची वाट बघत नाही. आत पाणी नसतं, कागद असतो. छोटी रिकामी बाटली जवळ ठेव. वन्संच्या पिशवीत पहिली जागा त्या बाटलीची असायची. युरो चालतात पुष्कळ ठिकाणी, पण सुटे फ्रँकमध्ये परत मिळतात आणि हिशेब दुकानदाराच्या सोयीचा होतो.

पिण्याचं पाणी विकत घेऊ नकोस. गावागावांत दगडी हौद आणि त्यात पडणारी धार दिसेल, ते पाणी प्यायचं असतं. ‘काइन ट्रिंकवासर’ अशी पाटी असेल तेवढं वगळायचं. तिथले लोकही तिथेच बाटल्या भरतात.

उतरतानाची एक खबरदारी. तिथली वाहतूक उजव्या बाजूने चालते, म्हणून बसचं दार उजवीकडे असतं आणि रस्ता ओलांडताना आधी डावीकडे बघायचं. आपली मान जन्माच्या सवयीने उजवीकडे वळते. पांढऱ्या पट्ट्यांवर गाड्या थांबतात, सायकलवाल्यांचा मात्र भरवसा धरू नये. ते आवाज न करता येतात. सासूबाईंना पायऱ्यांचं सांगून ठेव: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, आणि एक हात दांड्यावर. हे तिथे जाऊन नव्हे, घरी जिन्यावर आठ दिवस करून घे.

थांबा ब्रीएन्झ गावात असेल तर दुकानांत शिरू नका. ते गाव लाकडी कोरीवकामाचं आहे, त्याची तिथे शाळासुद्धा आहे, वस्तू सुरेख असतात आणि किमती बघून आपण त्या पुन्हा जागेवर ठेवतो. काठाने नुसतं चालायचं. समोरच्या तीरावर गीसबाखचा धबधबा दिसतो. बोटीने तिथे दहा-बारा मिनिटांत पोचता येतं आणि धक्क्यावरून वर हॉटेलापर्यंत नेणारी चिमुकली रेल्वे १८७९ पासून चालू आहे. पण बसच्या थांब्यात हे बसवायला जाऊ नकोस, अर्ध्या तासात ते होत नाही. करायचंच असेल तर सहलीत एखादी मोकळी दुपार मिळेल तेव्हा.

बोटीचा बेत असेल तर तो मात्र सोडू नकोस. ब्रीएन्झ ते इंटरलाकेन ओस्ट हा प्रवास सव्वा तासाचा. काही कंपन्या माणसं बोटीने पाठवतात आणि रिकामी बस पुढे जाऊन थांबते. जास्तीचे पैसे पडले तरी दे. त्या दिवसातला सगळ्यात सार्थकी लागलेला खर्च तोच. फक्त एक बघ, या बोटींवर वरचा डेक सहसा पहिल्या वर्गाचा असतो. आपलं तिकीट दुसऱ्या वर्गाचं असताना आपली माणसं पटापटा वर जाऊन बसतात, आणि मग कुणीतरी येऊन त्यांना उठवतं. खाली, मागच्या बाजूला उघड्यावर बसायचं. वारा लागतो, पण पाणी जवळून दिसतं.

काठावर खांबावर बसवलेले नारिंगी दिवे दिसतील. ते बंद असतात तोवर काही नाही. मिनिटाला ४० वेळा लुकलुकायला लागले की जोराच्या वाऱ्याचा इशारा, ९० वेळा म्हणजे वादळ येऊन ठेपलं. कधी कधी दक्षिणेकडून फ्यॉन नावाचा कोरडा, उबदार वारा सुटतो. हवा इतकी स्वच्छ होते की डोंगर हाताशी आल्यासारखे वाटतात, आणि तरी तळं खवळलेलं असतं. दिवे लागले की हौसेची छोटी होडी भाड्याने घ्यायची नाही. पाण्यात उतरायचं तर कधीच नाही. भर ऑगस्टमध्येही ब्रीएन्झचं पाणी गारठवणारं असतं, मेमध्ये तर पाय घातला की श्वास अडकतो. काठ एकदम खोल जातो, दगड निसरडे. जावईबापूंना पोहता येतं हे मला माहीत आहे. म्हणूनच मुद्दाम लिहिते आहे.

इझेल्टवाल्डला बस नेली तर? त्याच तळ्याच्या दक्षिण काठावरचं ते लहानसं गाव. तिथला लाकडी धक्का एका कोरियन मालिकेत दिसला, ‘क्रॅश लँडिंग ऑन यू’मध्ये, आणि जगभरातून इतकी माणसं लोटली की गावाने २०२३ मध्ये फिरतं फाटक बसवून ५ फ्रँक घ्यायला सुरुवात केली. गावाचं काही चुकलं असं मला वाटत नाही. मूठभर घरांच्या अंगणात रोज जत्रा भरली तर कुणीही फाटक लावेल. पण तुम्ही पैसे देऊ नका. फाटकाच्या चार पावलं अलीकडून तेच पाणी, तेच डोंगर दिसतात. ज्याला धक्क्यावरचाच फोटो हवा त्याने खुशाल रांग लावावी.

इंटरलाकेनला मोकळा वेळ देतात तो खरेदीसाठी, हे गृहीतच धरलेलं असतं. यश चोप्रांचा पुतळा आहे तिथे, २०१६ मध्ये उभारलेला. आपल्या लोकांनी त्यांच्या सिनेमातूनच हा मुलूख पाहिला, तेव्हा फोटो जरूर काढा, पाच मिनिटांचं काम. दोन तास मिळाले तर मात्र हार्डर कुल्मला जा. इंटरलाकेन ओस्ट स्टेशनाजवळून डोंगरावर चढणारी रेल्वे आहे, दहा मिनिटांत १,३०० मीटरवर नेऊन सोडते. वरून डावीकडे ब्रीएन्झ आणि उजवीकडे थून अशी दोन्ही तळी एका नजरेत येतात, मध्ये गाव, समोर यूंगफ्राउ. रंगाचं मी जे वर सांगितलं ते तिथून उघड्या डोळ्यांनी दिसतं. आधी येतानाची रांग विचार आणि मगच जातानाचं तिकीट काढ. गर्दीच्या दिवशी माणसं वर पोचतात आणि खाली उतरायला ताटकळत राहतात. रांग मोठी असेल तर आरेच्या काठाने फिरा, तेही छान आहे.

खरेदी झालीच आणि एका दुकानात ३०० फ्रँकच्या वर गेली, तर कर परत मिळण्याचा फॉर्म दुकानातच भरून घे. त्यावर स्वित्झर्लंड सोडताना तिथल्या कस्टम्सचा शिक्का लागतो. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, त्यामुळे सहल पुढे बसने इटलीत किंवा ऑस्ट्रियात जाणार असेल तर शिक्का सीमेवरच मारावा लागतो आणि त्यासाठी बस तिथे थांबवावी लागते. टूर मॅनेजरला आदल्या दिवशी सांगितलंस तर थांबवतील. सीमा ओलांडल्यावर आठवलं तर तो फॉर्म रद्दीत.

थूनचं तळं दिवसाच्या शेवटाला येतं, आणि तोवर निम्मी बस घोरत असते. सासूबाईंना झोपू दे, तू जागी राहा. काठाशी पिरॅमिडसारखा सरळ उभा दिसतो तो नीझन, २,३६२ मीटरचा. तो दिसला की थूनचा फेरा पदरात पडला म्हणायचं. थांबा मिळाला नाही तरी हळहळू नकोस.

तो थांबा का मिळत नाही, त्यामागे एक कारण असतं. तिथे बस चालवणाऱ्यांना कडक नियम आहेत. साडेचार तास चालवलं की पाऊण तास थांबणं सक्तीचं, दिवसाला एकूण ९ तासच चालवायचं, आठवड्यात दोनदा फार तर १०, आणि दोन दिवसांच्या मध्ये ठरावीक तासांची सलग विश्रांती घ्यायची. बसमधलं यंत्र सगळं टिपून ठेवतं आणि पोलीस ते तपासतात. म्हणजे इंटरलाकेनला कुणी चॉकलेटच्या दुकानात अर्धा तास जास्त रेंगाळलं की तो अर्धा तास चालकाच्या पदरचा जात नाही, थूनच्या थांब्यातून कापला जातो. टूर मॅनेजर घाई करतो तेव्हा त्याच्यावर चिडू नका, उशीर करणाऱ्याला आठवण करा. वेळ सांगताना तिथे चौदा-दहा, पंधरा-चाळीस असं सांगतात. सासऱ्यांना ती चोवीस तासांची सवय लावून ठेव. आपल्याकडे चालकाला ‘कॅप्टन’ म्हणायची पद्धत पडली आहे. त्याला रोज उतरताना नमस्कार करायचा, टिप सहलीच्या पैशात धरली आहे का तेवढं आधी विचारून घ्यायचं.

आणि कुणी मागे राहिलंच तर? प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये बसच्या नंबरप्लेटचा आणि बस उभी आहे त्या जागेचा फोटो असू दे. हॉटेलचं नाव-पत्ता कागदावर, कारण मोबाइलची बॅटरी नेमकी तेव्हाच संपते. घाबरून इकडेतिकडे धावायचं नाही, जवळच्या स्टेशनावर जाऊन बसायचं आणि टूर मॅनेजरला फोन करायचा. ब्रूनिग घाटातून जाणारी रेल्वे इंटरलाकेन ओस्ट, ब्रीएन्झ, लुंगर्न, सार्नेन करत ल्युसर्नला जाते, साधारण तासाला एक गाडी, इंटरलाकेनहून दोन तासांच्या आत पोचवते. मे अखेरीला रात्री नऊपर्यंत उजेड असतो. चुकलेला माणूस अंधाराच्या आत हॉटेलवर येतो. तब्येतीचं काही झालं तर १४४ ही तिथली रुग्णवाहिका, ११२ कुठूनही लागतो. विम्याचा कागद मोठ्या बॅगेत नको, पिशवीत हवा.

शेवटचं काम तुझ्याकडे आत्ताच आहे. उरलेले पैसे अजून भरले नसतीलच. भरण्याआधी कंपनीला विचार: ब्रीएन्झचा थांबा किती मिनिटांचा, बस उत्तर काठाने जाणार की महामार्गाने, बोट धरलेली आहे की वेगळे पैसे, इंटरलाकेनला मोकळा वेळ किती. पत्रकात ग्रिम्सेल किंवा सुस्टेन घाटाचं नाव असेल तर तेही विचार, कारण ते घाट मेमध्ये सहसा बर्फाने बंद असतात. ब्रूनिग वर्षभर चालू राहतो. ओएशिनेनच्या तळ्याचं आमिष दाखवलं तर सांग, ते १,५७८ मीटरवर आहे, तिथे बस जात नाही आणि मेमध्ये त्यावर बर्फ असू शकतो. सगळी उत्तरं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून माग. पैसे भरल्यावर विचारलंस तर ‘तिथे गेल्यावर बघू’ एवढंच ऐकायला मिळेल.